फिरतीवरचे इंटरनेट : कसे समजावे, कसे निवडावे
(सभासदांसाठी अभ्यासपाठ)



एके काळी कारखान्याशी आपला व्यवहार म्हणजे गट ऑफिस, चिटबॉय आणि वजनपावती एवढाच होता. आता ऊसबिल बँकेत जमा झाल्याचा निरोप फोनवर येतो. सात-बारा फोनवर निघतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तर उभ्या पिकाचा फोटो त्या गटात उभे राहूनच काढावा लागतो. म्हणजे इंटरनेट घरात असून भागत नाही, ते बांधावर लागते.

आपल्या भागात एकाच घरात एकजण चाकणच्या कंपनीत पाळीवर, दुसरा शेतावर आणि मुलगी पिंपरीला कॉलेजात, असे चित्र सर्रास आहे. तिघांना एकाच कंपनीचे सिम आणि एकच पॅक घेतला जातो. मग एकाचे चालते, दुसऱ्याचे गोल गोल फिरत बसते. महिन्याचे पैसे मात्र तिघांचेही जातात. असे का होते, ते या पाठात पाहू.

१. अडचणी दोन, त्यांचे उपाय वेगळे

कालव्याचे उदाहरण घ्या. आपल्या वावरात पाणी किती येणार, हे दोन गोष्टींवर ठरते. आपण फाट्यापासून किती लांब आहोत, आणि त्याच वेळी त्या चारीवर किती जण दारे धरून बसलेत. मोबाईलच्या टॉवरचेही तसेच. एका टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि तिच्या आवाक्यातल्या सगळ्या फोनांत ती वाटली जाते.

फोनवर दिसणाऱ्या रेंजच्या काड्या फक्त पहिली गोष्ट सांगतात : टॉवरचा सिग्नल आपल्यापर्यंत किती जोरात पोचतो. चारीवर गर्दी किती आहे, हे काड्या सांगत नाहीत. म्हणून चाकण, महाळुंगे, निघोजे भागात पाळी सुटताना काड्या भरलेल्या असूनही पैसे पाठवताना फोन अडकू शकतो. ती अडचण गर्दीची. उलट डोंगराआडच्या शिवारात माणसे थोडी, पण टॉवर लांब. तिथे एकच काडी दिसते. ती अडचण अंतराची.

गर्दीवर उपाय : वेळ बदलून पाहणे, ५जी मिळत असेल तर ते वापरणे, किंवा तिथे कमी गर्दी असलेल्या कंपनीचे सिम घेणे. अंतरावर उपाय : मोकळ्या, उंच जागी जाणे, किंवा ज्या कंपनीचा टॉवर जवळ आहे तिचे सिम घेणे. मोठा पॅक मारल्याने यातली एकही अडचण सुटत नाही, हे ध्यानात ठेवा.

बाजारात ‘रेंज वाढवणारी’ यंत्रे मिळतात. परवान्याशिवाय ती लावणे बेकायदा आहे, आणि त्यांच्यामुळे आसपासच्या लोकांचा सिग्नल बिघडतो. त्यात पैसे घालू नका.

२. ४जी आणि ५जी

पुण्यात एअरटेलने ४जी सेवा २०१२ साली आणली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि ४जी गावोगाव पोचले. देशात ५जीचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जीचे उद्‌घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले.

आता तुम्ही म्हणाल, ५जी नवे, म्हणजे तेच घ्यावे. तसे सरसकट नाही. लहरींचा एक नियम आहे. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्या शिरतात. ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी, ज्यांवर ५जीचा बराच भार आहे, पुष्कळ माल वाहतात, पण लवकर थकतात. त्यामुळे टॉवर दाट असलेल्या शहरी व औद्योगिक भागात ५जीचा खरा फायदा. शिवारात फोन सारखा ४जी-५जी करीत राहिला तर बॅटरी उतरते आणि कामही अडते. अशा ठिकाणी सेटिंगमध्ये जाऊन फोन ४जीवर ठेवून पाहावा.

३. वेगाचा हिशेब

वेग ‘एमबीपीएस’मध्ये सांगतात. त्यातला ‘बी’ म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट. फाईल बाइटमध्ये मोजतात, म्हणून वेगाला आठाने भागावे. सरकारी व्याख्येप्रमाणे २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच ब्रॉडबँड म्हणावे. या वेगाने ५ एमबीचा फोटो सुमारे २० सेकंदांत जातो.

पुष्कळ पॅकमध्ये रोजचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. मग तोच फोटो जायला दहा मिनिटांहून जास्त लागतात. तेव्हा ‘अमर्याद’ या शब्दाचा अर्थ पॅकच्या अटींत नीट वाचावा.

फोटो पाठवताना वेग वर जाणारा लागतो, सिनेमा पाहताना खाली येणारा. जाहिरातीत सहसा खाली येणाराच सांगतात. पीक पाहणीला उपयोगी तो वर जाणारा.

४. पॅक निवडताना

पैसे पाठवणे, सात-बारा, निरोप यांना डेटा फार थोडा लागतो. डेटा खातो तो व्हिडिओ : साध्या चित्राला तासाला १ जीबीपर्यंत, स्वच्छ चित्राला ३ जीबीपर्यंत. घरात खरे कोण किती वापरते, ते फोनच्या सेटिंगमध्ये दिसते. ते पाहून पॅक घ्यावा.

दुसरा हिशेब दिवसांचा. २८ दिवसांचा पॅक बारा वेळा मारला तर ३३६ दिवस होतात. उरलेल्या दिवसांसाठी तेरावा मारावा लागतो. म्हणून किमतीला दिवसांनी भागून रोजचा दर काढा आणि मगच तुलना करा. ३० दिवसांचा निदान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवावा, असे ट्रायने २०२२ मध्ये ठरविले आहे. ज्या वडीलधाऱ्यांना इंटरनेट नकोच, त्यांच्यासाठी फक्त बोलणे व एसएमएस असलेले पॅकही कंपन्यांना ठेवावे लागतात. ओटीपी एसएमएसने येतो. त्याला डेटा लागत नाही, रेंज लागते.

५. कोणते यंत्र?

एकट्याला फोन पुरे. लॅपटॉपला अधूनमधून लागले तर फोनचा हॉटस्पॉट चालतो. पासवर्ड मात्र घालावा. चारपाच जणांना रोज लागत असेल, तर सिम घालायचा छोटा राउटर बरा. एअरफायबर घरापुरते असते, ते शेतावर नेता येत नाही. घ्यायचे यंत्र आपल्या कंपनीच्या ४जी-५जीला चालते का, हे दुकानातच विचारावे.

६. घेण्याआधी पारख

बियाणे घेताना आपण शेजाऱ्याचा प्लॉट पाहतो, तसेच इथे करा.

(अ) कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर कुठे कोणती सेवा मिळते याचे नकाशे दिले आहेत. त्यात आपले गाव पाहा. पण केवळ नकाशावर भरवसा ठेवू नका.

(आ) वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेल्या दोन-तीन शेजाऱ्यांना घेऊन बांधावर, घरात आणि कामाच्या ठिकाणी वेग मोजा. ट्रायचे ‘मायस्पीड’ ॲप त्यासाठी आहे.

(इ) प्रत्येक ठिकाणी सकाळी, दुपारी आणि रात्री मोजा. आकडे वहीत लिहा.

(ई) फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर दुसऱ्या कंपनीचे सिम लहान पॅकवर महिनाभर वापरून पाहा.

७. नंबर न बदलता कंपनी बदलणे

बँक, आधार आणि कारखान्याकडे दिलेला नंबर बदलू नये. तो तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहावा आणि १९०० वर एसएमएस करावा. येणारा संकेतांक नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्रासह द्यावा. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत. हा संकेतांक फोनवरून कुणालाही सांगू नये.

स्वाध्याय

वहीत तीन रकाने आखा : ठिकाण, वेळ, वेग. बांध, घर आणि कामाची जागा यांचे आकडे भरा आणि प्रत्येक आकड्यापुढे अडचण अंतराची की गर्दीची, ते लिहा. पुढचा रिचार्ज ती वही समोर ठेवूनच करा. बांधावर उभा राहणारा आणि चाकणला पाळीवर जाणारा, यांच्यासाठी दोन वेगळ्या कंपन्या निघाल्या तर त्यात काही वावगे नाही.