सिकलसेलवर ज्ञानकोशात लिहिताना

तपासणीच्या कागदावर 'एएस' अशी दोन अक्षरे येतात आणि आई मुलीला म्हणते, "बघ गं मोबाईलवर, हे काय आहे ते." मुलगी शोधते आणि बहुधा विकिपीडियाच्या पानावर पोचते. ते पान कोणी लिहिले? मराठी विश्वकोशात नोंद त्या विषयाचे जाणकार लिहितात आणि संपादक मंडळ ती तपासते. विकिपीडियाचे तसे नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथे लिहायला पदवी लागत नाही, मोबदला मिळत नाही, आणि चूक दिसली तर वाचणाऱ्यानेच ती दुरुस्त करायची असते. म्हणजे आपल्या विहारातल्या अभ्यासिकेत बसणारी बारावीची, बीएस्सीची, नर्सिंगची मुलेमुली तिथे लिहू शकतात. त्यांना शिकवणाऱ्या ताई-दादांसाठी हा धडा आहे. उदाहरणाला सिकलसेल घेऊ, कारण विदर्भातल्या आपल्या घरांना हा आजार पुस्तकात वाचून कळलेला नाही.

मुलांना आधी एक वाक्य द्यावे: "सिकलसेल हा काही ठराविक जातींना होणारा भयंकर रोग आहे." यात काय चुकले ते त्यांनाच शोधू द्या.

'भयंकर' हा शब्द लगेच सापडेल. ज्ञानकोशाने वाचकाला घाबरवायचे नसते, काय होते ते सांगायचे असते. लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून हाडे-सांधे, छाती किंवा पोटात तीव्र वेदना उठतात. पेशी लवकर मरतात म्हणून रक्त कमी होते. लहान मुलांना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, काहींना पक्षाघातही होतो. एवढे लिहिल्यावर 'भयंकर' म्हणायची गरज उरत नाही.

'ठराविक जातींना' हे शब्द जास्त वेळ मागतात. हा आजार जनुकातल्या बदलामुळे होतो. त्या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. म्हणून जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकले: आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये, भारतात. वैद्यकीय नियतकालिकात या आजाराचे पहिले वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली छापले. तो रुग्ण ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला विद्यार्थी होता. भारतात निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हे जनुक असल्याची नोंद १९५२ ची आहे. जात पाहून जनुक येत नाही.

इथे काही वडीलधारी म्हणतात, "मग आपल्या समाजाचे नावच कशाला? लोक बोट दाखवतील." त्यांची भीती खोटी नाही, पण नाव गाळणे मला पटत नाही. मध्य भारतातले आदिवासी समाज, विदर्भातले अनुसूचित जातींचे आणि बौद्ध समाज यांच्यात वाहकांचे प्रमाण जास्त आढळते, हे अभ्यासांतून नोंदलेले आहे. ते आधार देऊन, इतर देशांच्या आणि समाजांच्या नोंदींबरोबर, कारणासह लिहावे. झाकले तर तपासणी आपल्या दारी का आली तेच घरच्यांना कळणार नाही.

आता आधाराचे. विकिपीडियावर वैद्यकीय मजकुरासाठी आधार निवडण्याचे नियम इतर विषयांपेक्षा कडक आहेत. पसंती असते ती वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांना, जागतिक आरोग्य संघटना किंवा आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक पुस्तिकांना, आणि अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढावा लेखांना. एकटा ताजा अभ्यास चालत नाही, यावर मुले हटकून वाद घालतात. त्यांना विचारा: एका दवाखान्यात वीस रुग्णांना एक औषध दिले आणि पंधरांना बरे वाटले, तर औषध गुणकारी ठरले का? ज्यांना औषध दिले नाही त्यांचे काय झाले? किती दिवस पाहिले? दुसऱ्या कोणी करून बघितले का? एकट्या अभ्यासात ही उत्तरे बहुधा अपुरी असतात, आढाव्यात ती तपासली जातात. उपचारांविषयीचे आधार शक्यतो गेल्या पाचेक वर्षांतले घ्यावेत, कारण उपचार बदलतात. इतिहासाला ही अट नाही. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ साली या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत दाखवले, ते आजही तसेच लिहिता येते. वर्तमानपत्राची बातमी 'राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झाले' एवढ्याला पुरते. औषधाच्या गुणाला ती पुरत नाही. व्हॉट्सॲप, औषध कंपनीचे पत्रक, आणि खुद्द इंग्रजी विकिपीडियासुद्धा आधार म्हणून देऊ नये. इंग्रजी पानाखाली दिलेले मूळ लेख मात्र उघडून वाचावेत.

'तटस्थ' या शब्दाचा एक गैरसमज मुलांच्या डोक्यातून काढावा लागतो. तटस्थ म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी जागा नव्हे. हायड्रॉक्सियुरिआ या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात याला भक्कम पुरावा आहे. झाडपाल्याने सिकलसेल मुळासकट जातो याला नाही. दोघांना एकेक परिच्छेद दिला तर तो अन्यायच झाला, आणि त्यात एखाद्या लेकराची गोळी बंद पडेल. उलट बाजूने 'यावर काहीच इलाज नाही' हेही चुकीचे. बोनमॅरो प्रत्यारोपणाने काही रुग्ण बरे होतात, आणि जनुकीय उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत परवानगी मिळाली. तो अतिशय महाग आहे, हेही त्याच वाक्यात यावे. गोळीची मात्रा लिहू नये. 'आपण हे घ्यावे' असेही लिहू नये, 'डॉक्टर हे औषध देतात' असे लिहावे. ज्ञानकोश सल्ला देत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो एका आकड्याला. आईवडील दोघे वाहक असतील तर 'चारपैकी एका मुलाला आजार होतो' असे वाक्य बऱ्याच ठिकाणी दिसते. वाचणारा समजतो, पहिले लेकरू आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली. तसे नाही. प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्ही जनुके निरोगी असण्याची २५ टक्के असते. मागच्या बाळंतपणाचा पुढच्याशी संबंध नसतो. मुलांना दोन नाणी एकत्र उडवून वहीत नोंद करायला लावा, लगेच उमगते. जोडीदारांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा हिमोग्लोबिनचा दुसरा कोणताही दोष नसेल, तर मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही, ती फार तर वाहक होतात. 'वाहक' आणि 'रुग्ण' हे शब्द एका ओळीत गुळमुळीत लिहिले गेले की ठरलेली सोयरीक मोडते, आणि बोल मुलीला लागतो. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो, हे वाक्य पानाच्या सुरुवातीलाच, आधारासह असावे.

घरात रुग्ण असलेल्या मुलाला वाटते, माझ्या बहिणीचे लिहू का? ज्ञानकोशात नको. तिथे स्वतःचा अनुभव आधार ठरत नाही, आणि बहिणीचा आजार जगजाहीर करायचा हक्क भावाला नाही. पण त्याच अनुभवातून प्रश्न निघतात: थंडीत झटके का वाढतात, पाणी भरपूर प्यायला का सांगतात? त्यांची उत्तरे तो पुस्तकात शोधू शकतो, आणि पानात काय राहिले आहे ते त्याला इतरांआधी दिसते.

सुरुवात खात्याच्या 'धूळपाटी'वर करावी, थेट पानावर नको. कुठलाही परिच्छेद जसाच्या तसा उचलू नये. मूळ मजकूर वाचून, मिटवून, स्वतःच्या मराठीत लिहावे. यंत्राने केलेले भाषांतर मोठ्याने वाचून बघावे, आजीला कळले नाही तर पुन्हा लिहावे. लिहिलेले कोणी काढून टाकले तर भांडू नये. 'इतिहास' उघडून कारण वाचावे आणि 'चर्चा' पानावर विचारावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मजकूर जरूर दाखवावा. त्यांनी चूक दाखवली तर ती कोणत्या पुस्तकात पाहता येईल तेही विचारून घ्यावे, कारण पानाखाली डॉक्टरांचे नाव नाही, ते पुस्तक जाणार आहे. पहिल्या रविवारी पाच वाक्ये आणि पाच आधार, एवढे पुरे.