अर्भक मृत्युदर : आकडा आणि नोंदवही

एका वर्षातील दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेल्या बालकांची संख्या म्हणजे अर्भक मृत्युदर. मातेचे पोषण, पिण्याचे पाणी, सुरक्षित प्रसूती या सर्वांचा परिणाम या एका आकड्यात उतरतो. महाराष्ट्रात तो १९७१ मध्ये १०५ होता. २०२० मध्ये १६ झाला.

गावाच्या पातळीवर मात्र तो जपून वाचावा लागतो. भंडारा जिल्ह्यातील वरठीचेच पाहा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार घटना जेथे घडली तेथेच तिची नोंद होते. वरठीच्या मातेचे बाळ भंडाऱ्याच्या रुग्णालयात दगावले, तर नोंद भंडाऱ्यास होते. वरठीची नोंदवही कोरी राहते आणि गावाला उगाच समाधान वाटते! शिवाय वर्षाला शंभर जन्म धरले, तर एका मृत्यूने दर दहाने चढतो. म्हणून तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र पाहावेत. क्षणभर श्वास घेऊन गेलेले बालक ‘उपजत मृत’ असे लिहिले गेले, तर ते या गणितातून नाहीसेच होते.

नोंद नेमकी असली म्हणजे उपायाचे फळही मोजता येते. विदर्भातीलच गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रत्येक जन्म व मृत्यू टिपला. ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजातांची काळजी घेतली. तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आशा व अंगणवाडी सेविकांच्या याद्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीशी दरमहा ताडून पाहण्यास वेगळा खर्च लागत नाही.