शुद्धिपत्र

एखादे जुने पुस्तक हाती घेऊन त्याची पहिली किंवा शेवटची पाने चाळली, तर कधी कधी एक लहानसे कोष्टक दृष्टीस पडते. त्याला चार रकाने असतात: पृष्ठ, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध. कधी हे कोष्टक पुस्तकातच छापलेले असते, तर कधी वेगळ्या चिठ्ठीवर छापून ती चिठ्ठी पानाला डकवलेली असते. वाचक बहुधा ते ओलांडून पुढे जातो. परंतु पुस्तकाच्या साऱ्या पानांत हेच एक पान असे असते, की जेथे प्रकाशक स्वतःच्याच कामाविरुद्ध साक्ष देतो. या पानास शुद्धिपत्र म्हणतात.

पुस्तकात चुका शिरतात तरी कशा? आज पुस्तकाचा मजकूर संगणकावर जुळविला जातो. परंतु चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत नांदेड, लातूर यांसारख्या गावांतील छोट्या छापखान्यांत हे काम हातानेच होत असे. शिशाच्या मिश्रधातूचे खिळे लाकडी खणांत ठेवलेले असत. जुळारी समोर हस्तलिखित ठेवून एकेक खिळा उचली आणि हातातील पट्टीत ओळ जुळवीत जाई. खिळ्यावरील अक्षर उलटे असते, आरशात दिसावे तसे; त्यामुळे जुळाऱ्याला उलटे वाचण्याचा सराव करावा लागे. इंग्रजीची मूळ अक्षरे सव्वीस. देवनागरीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. छपाई संपली, की ते सारे खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकावयाचे. त्या वेळी एखादा खिळा शेजारच्या खणात पडला, तर पुढच्या पुस्तकात तो भलत्याच जागी उमटे. एखाद्या ‘मो’ची मात्रा झिजून तुटली, म्हणजे ‘मोर नाचतो’ याचे ‘मार नाचतो’ होई. ‘पोट दुखते’ याचे ‘पाट दुखते’ होई. दिवस या अर्थाचा ‘दिन’ आणि गरीब या अर्थाचा ‘दीन’ यांत तर केवळ एका वेलांटीचे अंतर!

या चुका पकडण्यासाठी आधी एक कच्ची प्रत काढून ती तपासली जाई. हे काम करणाऱ्यास मुद्रितशोधक म्हणतात. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची जी कीर्ती झाली, ती सुबक खिळ्यांइतकीच या तपासणीच्या काटेकोरपणामुळे झाली. जावजी दादाजी यांनी १८६९ साली तो स्थापन केला आणि तेथून निघालेले संस्कृत ग्रंथ देशोदेशीचे पंडित विश्वासाने वापरू लागले. पण असे छापखाने थोडेच. शिवाय कितीही डोळे लावले, तरी एखादी चूक निसटतेच. ज्याने मजकूर लिहिला त्याला तर ती मुळीच दिसत नाही. कारण पानावर जे छापलेले आहे ते तो वाचीत नाही, आपल्या मनात जे आहे तेच वाचतो. तुम्ही स्वतःचा निबंध तपासून पाहा, म्हणजे याचा प्रत्यय येईल.

आता छोट्या प्रकाशकाची अडचण पाहा. त्याने पदरमोड करून एका पुस्तकाच्या हजार प्रती छापल्या आहेत. शंभर-दीडशे विकल्या गेल्या आहेत, बाकीचे गठ्ठे घरातल्या खोलीत रचलेले आहेत. एवढ्यात कोणा जाणत्या वाचकाचे पत्र येते, की अमुक पानावर सन चुकला आहे, तमुक पानावर ओळच गळाली आहे. हे पत्र वाचून प्रकाशकाच्या छातीत धस्स होते. साऱ्या प्रती रद्द कराव्यात, तर भांडवल बुडते. गप्प बसावे, तर पुढची प्रत विकत घेणाऱ्याला आपण जाणूनबुजून चुकीचे पुस्तक देत आहोत, ही टोचणी लागते. काही प्रकाशक पत्र लिहिणाऱ्यावरच रागावतात. काही जण सारा दोष छापखान्याच्या माथी मारतात. मला ही सबब सर्वांत दुबळी वाटते, कारण पुस्तकावर नाव प्रकाशकाचे असते, जुळाऱ्याचे नसते. आणि काही प्रकाशक एक लहानशी चिठ्ठी छापून घेतात, संध्याकाळी घरातली सारी माणसे बसवून ती एकेका प्रतीत डकवतात आणि ज्यांनी आधी पुस्तक नेले त्यांच्याकडेही पाठवितात. खर्च थोडाच येतो. लाज मात्र गिळावी लागते.

येथे टीका करणाऱ्याविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘पुस्तकात चुकाच चुका आहेत’ असे लिहिणे सोपे असते, पण त्या वाक्याचा प्रकाशकाला काडीचा उपयोग होत नाही. पृष्ठ कोणते, ओळ कोणती, छापले काय आणि हवे काय, हे जो लिहून कळवितो, त्याने अर्धे शुद्धिपत्र स्वतःच तयार करून दिलेले असते.

छपाई येण्यापूर्वी चुका नव्हत्या, असे मात्र समजू नका. तेव्हा ग्रंथ हाताने नकलून घेत. एकाची चूक दुसऱ्याच्या प्रतीत जाई आणि दुसरा तीत आपली भर घाली. मराठवाड्यातच याचे थोर उदाहरण आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली रचली गेली. पुढे तीनशे वर्षे तिच्या नकला होत राहिल्या आणि पाठांत घोटाळा झाला. पैठणच्या संत एकनाथांनी निरनिराळ्या प्रती मिळवून त्यांचे पाठ एकमेकांशी ताडून पाहिले आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध केलेली प्रत सिद्ध केली. आपण काय केले, हे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवले आणि यापुढे कोणी यात आपल्या पदरची ओवी घालू नये, असेही बजाविले. हजारो ओव्या स्वतः रचणारा हा कवी दुसऱ्याच्या ग्रंथास हात लावताना आपली प्रतिभा बाजूला ठेवतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भाद्रपद वद्य षष्ठीस ज्ञानेश्वरी जयंती पाळतात, ती याच शुद्धीकरणाच्या स्मरणार्थ होय.

कथा-कवितेच्या पुस्तकातील चूक वाचक पुष्कळदा स्वतःच सुधारून घेतो. ‘मार नाचतो’ असे वाचले, तरी त्याच्या डोळ्यांपुढे मोरच नाचतो. परंतु काही पुस्तके केवळ वाचावयाची नसतात, त्यांच्याबरहुकूम वागावयाचे असते. औषधांचे पुस्तक, गाड्यांचे वेळापत्रक, पाककृतींचे पुस्तक, खेळाच्या नियमांचे पुस्तक ही त्या जातीची पुस्तके. देवनागरीतील १ आणि ९ हे आकडे दिसावयास जवळचे. गोष्टीत राजाला १ मुलगा असो की ९ असोत, फारसे बिघडत नाही. पण औषधाच्या मात्रेत १ ऐवजी ९ छापले गेले, तर?

खेळाच्या नियमांचेच पाहा. अमेरिकेत १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ निघाला. यात पट किंवा सोंगट्या प्रमुख नसतात. प्रत्येक खेळाडू एखाद्या योद्ध्याची वा जादूगाराची भूमिका घेतो आणि सारे मिळून बोलत बोलत एक कथा रचतात. कोणाला कधी काय करता येईल, हे ठरते नियमांच्या पुस्तकावरून. तो छापणारी संस्था प्रारंभी अगदी लहान होती. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या अवघ्या १,०००. पुढे ती संस्था मोठी झाली आणि १९९४ साली तिने या खेळातील जादूच्या वस्तूंचा एक कोश काढण्यास आरंभ केला. जादूगारासाठी पूर्वी ‘मेज’ हा इंग्रजी शब्द होता, त्याऐवजी ‘विझर्ड’ घालावयाचे ठरले. हे काम संगणकावर सोपविले. संगणकाने आज्ञा अक्षरशः पाळली! इजा या अर्थाच्या ‘डॅमेज’ या शब्दाच्या पोटातही ती चार इंग्रजी अक्षरे आहेत. तेथेही त्याने ‘विझर्ड’ घातले आणि छापील पुस्तकात ‘डाविझर्ड’ असा एक अपूर्व शब्द अवतरला. चूक सुधारताना नवी चूक होते ती अशी. या खेळाचे शौकीन त्या शब्दाला अजूनही हसतात.

चुका दाखविणाऱ्याचे स्वागत कसे करावे, हे डोनाल्ड कनुथ या अमेरिकन गणितज्ञाकडून शिकावे. संगणकशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली निघाला. आपल्या पुस्तकातील चूक जो प्रथम दाखवील, त्याला दर चुकीस २ डॉलर ५६ सेंट देण्याची त्यांची प्रथा प्रसिद्ध आहे. २५६ ही संख्या संगणकाच्या गणितात महत्त्वाची, म्हणून ही विचित्र रक्कम. गंमत अशी, की हे धनादेश मिळालेल्या कित्येकांनी ते बँकेत न भरता चौकटीत बसवून भिंतीवर लावले. २००८ पासून कनुथ यांनी धनादेशाऐवजी प्रमाणपत्र देण्यास प्रारंभ केला.

ज्या पुस्तकाबरहुकूम वागावयाचे, त्यातील चूक किती गंभीर असू शकते, हे पाहण्यासाठी मात्र अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारी गावापर्यंत गेले, तरी पुरे.

भूकंप सोसू शकतील अशा इमारती कशा बांधाव्यात, याचे निकष सांगणारे एक पुस्तक भारतीय मानक संस्थेने १९६२ साली प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक १८९३. (हा सन नव्हे, केवळ क्रमांक आहे.) या पुस्तकात भारताचा एक नकाशा असतो. भूकंपाचा धोका कोठे किती, हे दाखविण्यासाठी त्यात देशाचे विभाग पाडलेले असतात. विभागाचा आकडा जितका मोठा, तितका धोका अधिक आणि तितके बांधकाम मजबूत हवे. पहिल्या नकाशात एक विभाग चक्क ‘शून्य’ होता. दख्खनचे पठार कठीण खडकाचे, तेथे भूकंपाचे भय नाही, अशीच तेव्हा समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला मोठा भूकंप झाला आणि या समजुतीस तडा गेला. १९७० च्या आवृत्तीत नकाशा बदलला, ‘शून्य’ विभाग काढून टाकला आणि एक ते पाच असे विभाग ठरविले. धोका मुळीच नाही असे कोणत्याही भूमीविषयी म्हणू नये, हा धडा त्या दुरुस्तीत होता. परंतु किल्लारीचा परिसर विभाग एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागातच राहिला.

१९९२ साली किल्लारीच्या आसपास जमिनीला हादरे बसू लागले. गावकऱ्यांना ते जाणवत होते. नकाशाला ते ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून गावे झोपी गेली होती. घरे जुन्या पद्धतीची. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर माणसांवर कोसळले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली आणि ५२ गावे पार उद्ध्वस्त झाली.

यातील किती दोष नकाशाकडे जातो? नीट तोलून बोलले पाहिजे. खेड्यातील घर बांधणाऱ्या गवंड्याच्या हाती ते पुस्तक कधी पडलेच नव्हते. त्यात किल्लारीपुढे मोठा आकडा असता, तरी ही घरे तशीच बांधली गेली असती. नकाशा करणाऱ्यांनीही हयगय केली नव्हती; पूर्वीच्या भूकंपांच्या ज्या नोंदी हाती होत्या, त्यांवरून त्यांनी तो केला होता, आणि या भागातल्या नोंदी फारच थोड्या होत्या. तथापि ज्या इमारती अभियंते बांधतात, त्यांचा भरवसा याच नकाशावर असतो. म्हणून तो चुकीचा ठरल्यावर तसाच ठेवणे कोणत्याही सबबीने क्षम्य नव्हते. अनेक भूकंपशास्त्रज्ञांनी हे बोलून दाखविले.

मधल्या काळात, १९८७ साली, मानक संस्थेचे रूपांतर भारतीय मानक ब्यूरोत झाले होते. नकाशाचा विचार नव्याने झाला. पण दुरुस्त आवृत्ती निघाली ती २००२ साली. नऊ वर्षे हा काळ थोडा नव्हे, आणि दरम्यान २६ जानेवारी २००१ रोजी भूजचा भयंकर भूकंपही होऊन गेला. मात्र दुरुस्ती झाली ती उघडपणे. किल्लारीचा परिसर आता विभाग तीनमध्ये घेतला आहे, हे त्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच गावाचे नाव घेऊन छापले गेले. पूर्व किनाऱ्याच्या काही भागांतही किल्लारीइतकाच धोका दिसून आल्याने त्यांचाही विभाग वाढविण्यात आला. एका गावाच्या अनुभवाने दूरच्या गावांचा आकडा बदलला. आणि विभाग एक तर उरलाच नाही. तो विभाग दोनमध्ये मिळविला गेला. म्हणून २००२ सालच्या त्या नकाशातील विभागांची मोजणी एकपासून सुरू होत नाही, दोनपासून होते.