वाचकांची पत्रं सांभाळताना

चि. वैदेहीस,


मासिकाचा वाचकांचा पत्रव्यवहार आता तुझ्याकडे आला, हे दादाने फोनवर सांगितलं. मग तुझी मेल आली. कर्ज, लॉटरी, ऑनलाइन जुगार, वजन घटवणाऱ्या गोळ्या या गर्दीतून वाचकाचं एखादं खरं पत्र शोधता शोधता सकाळ संपते, तेव्हा गाळणी एकदम कडक करून टाकू का, असं तू विचारलंस. माझं उत्तर 'नको' असं आहे. का ते सविस्तर लिहिते.

हा उपद्रव जुना आहे. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युअर्क या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात एकगठ्ठा पाठवली. लोक चिडले, तक्रारी झाल्या. पण अशी जाहिरात पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि हजारांत एक गिऱ्हाईक गळाला लागलं तरी पुरतं, म्हणून हा धंदा कधी बंद पडला नाही.

गाळणी कसं काम करते हे नीट समजून घे, म्हणजे तिच्यावर किती विसंबायचं ते कळेल. २००२ साली पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने एका लेखात सोपी रीत मांडली. खऱ्या आणि नकोशा पत्रांचे दोन ढीग घ्यायचे, कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचं आणि त्यावरून नवं पत्र नकोसं असण्याची शक्यता काढायची. गणित थॉमस बेझ या अठराव्या शतकातल्या इंग्रज धर्मोपदेशकाचं, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापलेलं. मला त्या लेखातली एक तजवीज फार मोलाची वाटते. चांगल्या पत्रांत आलेल्या शब्दांची संख्या ग्रॅहम मुद्दाम दुप्पट धरतात. कारण उघड आहे. एखादी जाहिरात आत शिरली तर आपला क्षणभर वेळ जातो, पण खरं पत्र चुकून बाहेर गेलं तर ते गेल्याचं आपल्याला कळतही नाही. आजच्या गाळण्या पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची पत, मजकुरातले दुवे असं बरंच काही तपासतात, पण हा हिशेब बदललेला नाही.

आपल्या वाचकांच्या बाबतीत तर तो जास्तच लागू पडतो. निवृत्त मास्तर श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच मेलमध्ये चिकटवतात. तो युनिकोड नसल्यामुळे आपल्याला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो, आणि यंत्रालाही तोच दिसतो. कुणी वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवतं. विषयाची ओळ कोरी, मजकूर काहीच नाही, नुसतं चित्र. जाहिरातवाल्यांनी एके काळी गाळणीला चकवायला शब्द चित्रांत लपवले होते, म्हणून नुसत्या चित्राकडे यंत्र संशयाने बघतं. कुणी रोमन लिपीत मराठी लिहितं, तेही नातवाच्या खात्यावरून. ही सगळी खरी वाचक मंडळी आहेत, आणि स्पॅमच्या कप्प्यात जाण्याचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त. सूप पाखडून झालं तरी जाणती बाई कोंड्यात एकदा हात फिरवते, तसा तू रोज त्या कप्प्यावरून हात फिरव. जीमेलमध्ये तिथली मेल ३० दिवसांनी आपोआप पुसली जाते, तेव्हा महिन्याच्या शेवटी बघू असं करू नकोस. खरं पत्र सापडलं की 'स्पॅम नाही' हे बटण दाब. त्यातूनच यंत्र शिकतं. अनोळखी जाहिरातीला उत्तर देऊ नकोस, तिच्या तळाचा 'यादीतून काढा' हा दुवाही उघडू नकोस; पत्ता जिवंत आहे एवढंच त्यातून त्यांना कळतं.

यंत्राला न कळणारा कचराही असतो. लेखाची दोन ओळी स्तुती आणि मग हळूच एका तेलाचं किंवा ज्योतिषाचं नाव. ही जाहिरात आहे, काढून टाक. दहा वेगवेगळ्या नावांनी शब्दशः एकच निषेधपत्र आलं तर दहा मतं आली असं समजू नकोस. त्यातल्या दोघा-तिघांना फोन कर. ज्याने खरंच लेख वाचलाय त्याच्याशी बोलणं होतं, आणि त्याचं पत्र त्याच्या शब्दांत पुन्हा मागवता येतं.

आता ज्यासाठी मी 'नको' म्हटलं त्याकडे येते. कडक गाळणीची सवय हाताला लागली की माणूस मतंही गाळू लागतो. तुला आवडलेल्या लेखावर कुणी तुटून पडलं, शुद्धलेखन वाईट, सूर चढा, तर ते पत्र बाजूला सारायला कारण लगेच सापडतं. तेच पत्र आधी वाच. शुद्धलेखन तू दुरुस्त करू शकतेस, हरकत दुरुस्त करणं तुझं काम नाही. वाचकपत्रांचा आपल्याकडचा वारसा मोठा आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये जी पत्रं लिहिली, ती 'लोकहितवादी' या टोपणनावाने. खरं नाव छापण्याचा हट्ट भाऊंनी धरला असता तर 'शतपत्रे' आपल्या हाती आली असती का, याचा विचार कर. म्हणून नाव न छापण्याची विनंती आली तर तिचा मान ठेव. मात्र खरं नाव आणि पत्ता तुझ्याजवळ असू दे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. बाकी कुणी ज्यांना उत्तर देत नव्हतं, त्या लैंगिक जीवनावरच्या प्रश्नांना ते छापील उत्तरं देत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. कर्व्यांनी प्रश्न घेणं थांबवलं नाही. आजच्या कुठल्याही गाळणीने त्यातले निम्मे शब्द बघून ती पत्रं बाहेर फेकली असती.

शिवीगाळ वेगळी. लेखिकेच्या मताऐवजी तिच्या दिसण्यावर, जातीवर, संसारावर बोलणारं पत्र छापायचं नाही, आणि तिच्यापर्यंत पोचवायचंही नाही. धमकी असेल तर मात्र पुसू नकोस. मूळ मेल जशीच्या तशी ठेव, संपादकांना दाखव, लेखिकेला फोन करून सांग आणि पोलिसांत द्यायची वेळ आली तर तिच्यासोबत जा. कुणावर थेट आरोप करणारं पत्र पुराव्याशिवाय घेऊ नकोस. 'या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही ओळ छापली म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधली बदनामी टळत नाही.

पत्र छोटं करावं लागलं तर करायचं, पण लेखकाचा मुख्य मुद्दा राहिला पाहिजे; फार कापलं तर छापण्याआधी त्याला वाचून दाखव. प्रत्येक पत्राखाली आपलं उत्तर जोडू नकोस. मासिक आपलं, जागा आपली, त्यात शेवटचा शब्दही आपलाच, असं झालं की लोक लिहायचे थांबतात. वस्तुस्थितीची चूक असेल तेवढी एका ओळीत सांग.

आणि पत्र मिळाल्याची पोच प्रत्येकाला दे, न छापलेल्यांनाही. पोस्टाने येणाऱ्या पत्रांना कार्डच पाठव. त्यातल्या पुष्कळांकडे मेल नाही. कार्डांचा खर्च मंजूर करून घ्यायला संपादकांशी याच आठवड्यात बोल, दिवाळी अंकाच्या कामात ते पुन्हा सापडायचे नाहीत.

तुझी,
नंदाआत्या