बंद पडलेल्या संगणकातील फाइली

संगणक सुरू होत नाही, म्हणजे त्यातील फाइली नष्ट झाल्या असे समजू नका. हार्ड डिस्कच्या तबकडीवर माहिती सूक्ष्म चुंबकित भागांच्या रूपात असते. वीज नसतानाही हे चुंबकत्व टिकते. पुष्कळदा बिघडतात त्या केवळ संगणक सुरू करणाऱ्या आज्ञा. त्या लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून पुरवता येतात. संगणक असा सुरू करून फाइलींच्या प्रती वेगळ्या डिस्कवर घ्याव्यात. मदरबोर्डच बिघडला असेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी. मूळ डिस्कवर घाईने विंडोज पुन्हा भरू नये. नव्या नोंदी जुन्या नोंदींवर लिहिल्या जातात. डिस्क टकटक वाजू लागली, तर वीज लगेच बंद करावी. वाचनशीर्ष तबकडीला घासत असेल, तर चुंबकीय थरच खरवडला जातो, आणि त्यावरील माहिती कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.