ताप कितव्या दिवसाचा?

खारी गावात राहायचं आणि भाईंदर पूर्वेच्या एका छोट्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून तपासायचं, असं माझं वर्षानुवर्षं चाललं आहे. मी डॉक्टर नाही, संशोधक तर नाहीच. पण आमच्या आळीत मी ‘लॅबवाली ताई’, त्यामुळे अंग गरम झालं की पहिली हाक मला, दवाखाना नंतर. मीही नको तितक्या आत्मविश्वासाने बोलते. मायक्रोस्कोपमधून मला विषाणू दिसतो असं शेजारच्या पोरांना वाटतं. साध्या मायक्रोस्कोपला तो दिसणं शक्य नाही, पण पोरांचा हा समज मी फारसा मोडायला जात नाही. डेंग्यू, फ्लू, कोविड हे सगळे आरएनए विषाणू. त्यांच्या मागे मागे राहून जे थोडंफार उमगलं ते इथे लिहिते आहे.

१. विषाणू स्वतः जवळजवळ काहीच करत नाही, हे पचायला मला बराच वेळ लागला. डेंग्यूचा विषाणू म्हणजे साधारण ११,००० अक्षरांचा आरएनएचा धागा आणि त्याभोवती चरबी-प्रथिनांचं आवरण. त्या धाग्यात फक्त १० प्रथिनांची कृती लिहिलेली असते. पेशीत शिरायला त्याला धडकही मारावी लागत नाही. पेशीच त्याला एका बुडबुड्यात गुंडाळून आत घेते. त्या बुडबुड्यात आम्ल वाढतं, ही पेशीची नेहमीचीच रीत. नेमक्या त्या आम्लामुळे विषाणूचं आवरण बुडबुड्याच्या पडद्याशी एकजीव होतं आणि धागा आत मोकळा होतो. मग प्रथिनं बनवणारी आपली यंत्रणा तो धागा घरचाच हुकूम समजून वाचत सुटते. चोराने रिकाम्या हाताने यावं आणि आपल्याच ओट्यावरचा कोयता उचलावा, तसं हे. औषध शोधणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. जिवाणूची स्वतःची भिंत असते, स्वतःची यंत्रणा असते. तिच्यावर घाव घालता येतो, म्हणून अँटिबायोटिक चालतं. विषाणूच्या बाबतीत घाव घालायचा कशावर? बहुतेक सामान आपलंच. हे कळल्यापासून ‘डॉक्टरांना एखादं अँटिबायोटिक लिहायला सांगा ना’ म्हणणाऱ्यांवर मी चिडत नाही. म्हणजे, कमी चिडते.

२. रक्ताच्या रिपोर्टइतकंच मोल ‘ताप कितव्या दिवसाचा?’ या प्रश्नाला आहे. पहिल्या चार-पाच दिवसांत डेंग्यूने पछाडलेल्या पेशी एनएस-वन नावाचं प्रथिन रक्तात सोडत असतात. कार्डावर सीरमचे थेंब टाकले की पंधरा-वीस मिनिटांत दुसरी गुलाबी रेघ उमटते ती त्या प्रथिनाची. पुढे ती फिकट होत जाते आणि मग आपल्या शरीराने तयार केलेल्या आयजीएम प्रतिपिंडांची तपासणी कामाची ठरते. ती साधारण पाचव्या दिवसाच्या आधी केली तर अनेकदा ‘निगेटिव्ह’ येते आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. तेव्हा दिवस कळला नाही तर रेघेचा अर्थच लागत नाही. आणि दिवस कुणाला नीट सांगता येत नाही! पुरुषमाणूस हमखास ‘कालपासून’ म्हणतो. मग मागून बायको म्हणते, “अहो, रविवारीच अंग मोडून आलंय म्हणत होतात की!” माझा विश्वास तिच्यावर.

३. ताप उतरला म्हणजे दुखणं गेलं, हा आपल्या आजी-पणजीपासूनचा हिशेब डेंग्यूत उलटा पडतो. मला सगळ्यात जास्त नमवलं ते याने. ताप उतरतो तेव्हा रक्तातला विषाणू खरोखरच ओसरत आलेला असतो, आणि धोक्याचे २४ ते ४८ तास तिथूनच सुरू होतात. विषाणूशी लढायला उठलेली आपलीच प्रतिकारयंत्रणा बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपत्या करून ठेवते; ते एनएस-वन प्रथिनही रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खरवडतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि मागे उरलेलं रक्त दाट होतं. आमच्या भाषेत पीसीव्ही चढतो. शेजारच्या काकींचा ताप उतरला त्या दिवशी मी सुई घेऊन दारात उभी, तर त्या भाकऱ्या थापायला बसलेल्या. ‘पोरी, आता कशाला?’ म्हणाल्या. प्लेटलेट उतरल्या होत्याच, पण मला काळजी वाटली ती चढलेल्या पीसीव्हीची. पोटात सारखं दुखतंय आणि सकाळपासून लघवीला गेले नाही, हे मी विचारल्यावरच त्यांनी सांगितलं. त्या दोन दिवस सलाइनवर राहिल्या आणि बऱ्या झाल्या. सलाइनही मोजून द्यावं लागतं. झिरपलेलं पाणी एक-दोन दिवसांनी आपोआप रक्तात परततं, तेव्हा आधी ओतलेलं जास्तीचं पाणी छातीत साठू शकतं. डेंग्यूच्या विषाणूवर मंजूर औषध आजही नाही. जीव वाचतात ते वेळेवर आणि मापात दिलेल्या पाण्याने, तेही विषाणू निघून जात असताना.

४. प्लेटलेटच्या आकड्याचा धसका विषाणूपेक्षा वेगाने पसरतो. पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध, किवी: पावसाळ्यात आमच्याकडे यांचे भाव आकड्याच्या उलट दिशेने चालतात. पण मशीनचा आकडाही डोळे मिटून घेण्यासारखा नसतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये जे रसायन असतं, त्यामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीन त्या मोजतच नाही. आकडा फारच खाली दिसला की मी स्लाइड ओढते, रंगवते आणि कडेला, शेपटीकडे बघते. तिथे जांभळे पुंजके दिसले की जीव भांड्यात पडतो. मग दुसऱ्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं आणि नातेवाइकांचं ऐकून घ्यायचं.

५. ‘एकदा होऊन गेला, आता नाही होणार’ हे गोवराला लागू आहे, डेंग्यूला नाही. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घ संरक्षण, पण दुसरा प्रकार आला तर पहिल्या वेळच्या प्रतिपिंडांची पकड त्याच्यावर अर्धवट बसते. प्रतिपिंड चिकटलेल्या वस्तू गिळणं हे काही पांढऱ्या पेशींचं कामच, त्यामुळे त्या हा विषाणू जिवंतच गिळतात आणि आत तो सुखाने वाढतो. स्कॉट हॉलस्टेड या अमेरिकन डॉक्टरांना बँकॉकच्या मुलांमध्ये १९६०च्या दशकात याचा माग लागला. पुढे फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना आधी कधी डेंग्यू झाला नव्हता, त्यांना त्या लसीने पुढचा डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो, असं २०१७च्या शेवटी लस बनवणाऱ्या कंपनीलाच जाहीर करावं लागलं. संरक्षणासाठी बनलेली गोष्ट शत्रूला दार उघडून देते, हे वाचल्यावर ‘इम्युनिटी वाढवा’ लिहिलेल्या बाटल्यांकडे मी संशयाने बघू लागले.

६. विषाणू कोणत्या दाराने येतो हे ठाऊक नसेल तर कुलूप भलत्याच दाराला लागतं. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवलं, तेव्हा त्या गोळ्या मीही गिळल्या. कल्पना वाईट नव्हती. पेशीच्या बुडबुड्यातलं आम्ल हे औषध कमी करतं, आणि माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत कोरोना विषाणू त्याच मार्गाने शिरत असल्याने तिथे तो अडलाही. पण माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर एसीई-टू या प्रथिनाला धरून, शेजारच्याच एका विकराने स्वतःला कापून घेऊन, तो थेट वरच्या पडद्यातूनच आत येतो. आम्लाची वाट बघत नाही. काचेच्या ताटलीत लागू पडलेलं औषध माणसात का फसलं, याचं इतकं स्वच्छ उत्तर विज्ञानात क्वचित मिळतं.

७. औषध बरोबर असून चालत नाही, घड्याळही बरोबर लागतं. एप्रिल २०२१ आठवा. रेमडेसिव्हिरसाठी रांगा, चिठ्ठ्या, काळाबाजार, ओळखीपाळखी. मलाही फोन यायचे. जणू लॅबच्या फ्रीजमध्ये मी ते लपवून ठेवलं आहे! रेमडेसिव्हिर हे आरएनएचं खोटं अक्षर आहे. विषाणू आपल्या ३०,००० अक्षरांच्या धाग्याची नक्कल काढताना ते उचलतो आणि नक्कल पुढे अडखळते. कोरोना विषाणूकडे चुका खोडणारा तपासनीसही असतो, त्याच्याही नजरेतून ते बरंचसं निसटतं. युक्ती सुंदर आहे. पण रुग्णालयात भरती झालेल्यांचे मृत्यू त्याने फारसे कमी होत नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीने ऑक्टोबर २०२० मध्येच, म्हणजे आपल्या रांगांच्या सहा महिने आधी सांगितलं होतं. त्यांच्यात विषाणूचं छापखान्याचं काम बहुतांशी उरकलेलं होतं आणि फुप्फुसं जाळत होता तो शरीराचा स्वतःचा दाह. पुढे हेच औषध लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत, घरी असलेल्या पण धोका जास्त असलेल्या रुग्णांना तीन दिवस दिलं, तेव्हा भरती होण्याचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटलं. आणि उशिराच्या दाहावर चाललं काय? डेक्सामेथासोन, जुनं आणि स्वस्त स्टिरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी केले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काही फायदा नाही. तरी पहिल्याच दिवसापासून ते खाणारे आपल्याकडे कमी नव्हते, त्यांतले कित्येक मधुमेही. मग आली काळी बुरशी. महागाचं औषध उशिरा आणि स्वस्तातलं औषध लवकर, असा उफराटा कारभार आपण केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

८. काही विषाणू घड्याळ बघायला उसंतच देत नाहीत. नागपूरजवळच्या चांदिपुरा गावाचं नाव ज्याला मिळालं तो १९६५ मध्ये तिथे सापडला. पुण्याच्या विषाणू संस्थेने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, तो वेगळा काढला. वाळूमाशी चावते, लहान मुलाला ताप येतो, झटके येतात आणि एक-दोन दिवसांत सगळं आटोपू शकतं. २००३ मध्ये आंध्र आणि आपल्या राज्यातही त्याने कित्येक मुलं नेली. त्याच्यावर अजून औषध नाही. यावर मला जास्त काही लिहवत नाही.

९. तरी ‘व्हायरसवर औषध नसतंच’ असं कुणी म्हणालं की मी भांडते. एचआयव्हीही आरएनएचाच. तो आपल्या आरएनएची डीएनएत उलटी नक्कल काढून ती आपल्याच गुणसूत्रात शिवून टाकतो, म्हणून तो पूर्ण निघत नाही. पण ही उलटी नक्कल काढणारं विकर त्याचं स्वतःचं, म्हणून ते अडवता येतं. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला, तेव्हा बड्या कंपन्यांची किंमत १०,००० डॉलरच्या वर होती. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधं मोफत मिळू लागली, त्यांत आपलं जे.जे.ही होतं. हेपॅटायटिस सी तर त्याच्याही पुढे: बहुतेक रुग्ण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे होतात. विषाणूने नक्कल काढायला स्वतःचं एखादं हत्यार आणलेलं असतं, ते नेमकं हेरलं की काम होतं. आणि दोन्हींत विषाणू शरीरात वर्षानुवर्षं मुक्कामाला असतो, तेव्हा औषधाला वेळ मिळतो. डेंग्यू आठवड्यात निघून जातो, हीच त्याच्या औषधाची अडचण.

१०. डेंग्यूच्या औषधाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, निदान सध्या. विषाणूच्या दोन प्रथिनांची जोडी जुळू न देणारं एक औषध आशा दाखवत होतं. २०२४ मध्ये कंपनीने त्यावरचं काम थांबवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी १०,००० हून अधिक लोकांवर सुरू झाली. तोवर विषाणूला गाठायची सोयीची जागा आपल्या पेशीत नाही, मोरीतल्या पिंपात आहे. आमच्याकडे नळाला पाणी बेताचंच, म्हणून चाळीत, गाळ्यांत, गावठाणातल्या घरांत भरलेली पिंपं. आणि एडिस डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. आठवड्याचा कोरडा दिवस पाळणारी घरं आहेत, पण त्यातली बरीच नुसतं पाणी ओतून देतात. एडिसची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. तेव्हा पिंप रिकामं कराल तेव्हा आतून काथ्याने किंवा ब्रशने घासा, आणि मगच भरा.