सुदृढ शरीर, स्वस्थ मन

इगतपुरीचे नाव घेताच धम्मगिरी डोळ्यांसमोर येते. १९७६ साली आचार्य सत्यनारायण गोयंका यांनी येथे विपश्यना शिबिरे सुरू केली. त्यामुळे मनाच्या आरोग्याचा विचार आम्हा इगतपुरीकरांना नवा नाही. परंतु शरीर हे मनाचे अधिष्ठान आहे, ही तथागतांची शिकवण आपल्या तरुणांपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही, असे आम्हांस वाटते.

सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षे देहदंडन केले. शरीर कृश झाले, पण बोध झाला नाही. सुजातेची खीर स्वीकारून अंगी बळ आल्यावर ते बोधिवृक्षाखाली बसले व सम्यक संबुद्ध झाले. पुढे अंगुत्तर निकायातील चंकम सुत्तात त्यांनी चालण्याचे पाच लाभ सांगितले :

१) प्रवास झेपतो.
२) परिश्रमाची क्षमता वाढते.
३) आजार कमी होतात.
४) अन्न पचते.
५) चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते.

ही यादी शरीरापासून निघून चित्तापर्यंत पोहोचते, हे ध्यानात घ्यावे.

आधुनिक वैद्यकशास्त्रही हेच सांगते. नियमित व्यायामाने झोप सुधारते, चिंता व नैराश्याची लक्षणे कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम सुचविला आहे.

आपली अनेक मुले घरातील पहिली पदवीधर. स्पर्धा परीक्षेसाठी ती दिवसभर एका जागी बसतात. मुलींच्या वाट्याला तर मैदान क्वचितच येते. बाबासाहेबांच्या अठरा तास अभ्यासाचा दाखला आपण देतो. पण मधुमेहाने त्यांना अखेरच्या वर्षांत किती यातना दिल्या, हे सांगत नाही. त्यांची ज्ञाननिष्ठा घ्यावी, आणि शरीरही जपावे.

विद्यार्थी मित्रांनो, रोज पहाटे अर्धा तास भरभर चाला, सायंकाळी खेळा. पावसाळ्यात विहारातच दंड-बैठका, दोरीवरच्या उड्या होऊ शकतात. त्यानंतर दहा मिनिटे आनापान करा.

मात्र व्यायाम हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जगणे नकोसे वाटले, तर विनासंकोच डॉक्टरांकडे जावे. २०२२ साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. पालकांनीही अशा मुलाला 'मन घट्ट कर' एवढेच सांगून थांबू नये. त्याच्यासोबत चालावे, त्याचे ऐकावे.

जयभीम!